शेळी चकतीत नव्हती

शांतवन, पाळकसाहेबांनी तुझ्याविषयी चार शब्द बोलायला मला उभं केलं आणि मला तीनच सापडले. 'हा ड्रायव्हर होता.' मधे 'चांगला' घातलं असतं तर चार भरले असते. पण चर्चमध्ये उभा होतो, समोर तू पेटीत पडलेला, आणि माझ्यासारख्यानंही कुठेतरी थापा मारणं थांबवावं म्हणून मी खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, किसनला भरून आलं. मार्था वहिनींना तसं वाटलं नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की पेटीजवळची मेणबत्ती विझायची राहिली.

तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो. तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे. शेवटी शेवटी तुला जिवंतपणी तरी कुठे वाचता येत होतं?

पहिल्यापासून सांगतो, कारण तू गोष्टी आपल्या सोयीनं विसरायचास. आपल्या बेलापूरच्या जीप स्टँडवर एकच कायदा होता: ड्रायव्हरनं रस्ता विचारायचा नाही. जगात कुठेही जा, चुकून गुजरातेत नीघ, डिझेल संपव, पण काच खाली करून 'अहो, अकोल्याला हाच रस्ता का?' असं विचारलंस आणि ते कुणी ऐकलं, तर सबंध स्टँडला चहा पाजायचा आणि दिवसभर सगळ्यांनी तुला 'पाव्हणं' म्हणायचं. चहाचं काही नाही. पण 'या पाव्हणं, बसा पाव्हणं, हितं कुणाकडं आलाव पाव्हणं?' असं आपल्याच गावात दिवसभर ऐकून एक धटिंगण ड्रायव्हर रडलेला मी पाहिला आहे. त्याचं नाव सांगत नाही. तो मीच होतो. मी तर सात वेळा पाव्हणा झालो, आणि प्रत्येक वेळी चहा पाजताना सांगितलं की रस्ता मला माहीत होता, समोरचा म्हातारा एकटा पडला होता म्हणून त्याच्याशी दोन शब्द बोललो. तू कधीच झाला नाहीस. सबंध हयातीत एकदाही नाही. तुझ्या डोक्यात नगर जिल्हा असा कोरला होता की झोपेत तुला कोपरगाव म्हटलं तर तुझा पाय आपोआप गिअर टाकायचा. आपल्या स्टँडवर देवाच्या खालोखाल तुझं नाव होतं, आणि देवाला तरी कधीमधी शंका येत असेल, तुला नाही.

म्हणूनच तुझी उतरण बघायला आम्हाला एवढी मजा आली.

तुझा मेव्हणा दाविद दुबईहून कायमचा परतला आणि येताना बोटीतून ती जपानी गाडी घेऊन आला. मोत्यासारख्या रंगाची, आतून मखमलीची, दार लावलं तर आवाज न येणारी. आधी ती जपानात कुणीतरी वापरलेली, मग दुबईत कुणीतरी, मग दाविदनं. मुंबईत तो राहिला, गाडी ठेवायला जागा नव्हती. तू जीप विकलीस आणि ती गाडी घेऊन आलास. जीप विकली! ज्या जीपमध्ये एकदा मी अठ्ठावीस माणसं, एक गाभण शेळी आणि नवरदेव बसवून नेले होते ती जीप. आम्हाला कळेना, हा म्हातारपणी शहाणपण विकून आला की काय.

मग तू किल्ली फिरवलीस आणि पुढच्या फळीत एक छोटा टीव्ही उजळला. त्यातून एक बाई बोलली. जपानी बोलली. गोड बोलली. शांतवन, अख्खं स्टँड पुढं वाकलं. गफूरच्या टपरीवरचं दूध उतू गेलं आणि त्या वासालाही कुणी मागं वळलं नाही.

"ही कोण?" गफूरनं विचारलं.

"रस्ता सांगनारी बाई हाय," तू म्हणालास. "डिकीत एक चकती असती. तिच्यावर सगळा मुलूख छापलेला असतो. वर आकाशात उपग्रह फिरत्यात, ते गाडी कुठं हाय ते बघत्यात, आन् ही बाई सांगती, आता डावीकडं, आता उजवीकडं."

"मग आता काय म्हनती?"

तू टीव्हीकडे नळीतून बघितल्यासारखं मान पुढं काढून बघितलंस. पडद्यावर सगळं निळं होतं आणि त्या निळ्याच्या मधोमध एक लाल बाण.

"म्हनती, समुद्र हाय," तू म्हणालास.

त्या दिवशी जे हसलो! गावात प्यायला पाणी चार दिवसांनी येत होतं आणि जपान म्हणतंय बेलापूर समुद्रात आहे. मी तिथल्या तिथं जाहीर केलं की आपल्या गावात बंदर निघणार, आणि दुसऱ्या दिवशी एक माणूस खरंच मला नोकरीचं विचारायला आला. तू मात्र रागावला नाहीस. तू म्हणालास, "ही जुनी चकती हाय. जपानची हाय. नवी चकती टाकली की नवा मुलूख येतो. दरसाल नवी निघती. एकदा आपल्याकडची चकती मिळू दे, मग बघा बेलापूर दिसतं का न्हाई. हा स्टँड दिसंल. गफूरची टपरी दिसंल. पाट दिसंल. पल्याडची माझी वस्ती दिसंल."

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायची: तुझी वस्ती पाटाच्या पलीकडे. मधे जुना दगडी फरशीचा पूल, माणूस आणि म्हैस एकामागोमाग जाईल एवढाच. जीप असो की जपानी राणी, गाडी अलीकडे बाभळीखाली उभी करायची आणि चालत घरी जायचं. वरच्या अंगाला, पंपहाऊसच्या अलीकडे, एक नवा रुंद पूल वर्षभर हवेत उभा होता. स्लॅब पडला, कठडा झाला, पण दोन्ही बाजूंना भराव टाकायला ठेकेदाराला वेळच मिळेना. चढायला वाट नाही, उतरायला वाट नाही. त्या पुलावरून आम्ही तुला किती छळला असेल! "शांतवन, पूल चालू झालाय, जा गाडी घेऊन दारात," असं मी तुला महिन्यातून एकदा तरी सांगायचो. पहिल्यांदा तू खरंच गाडी वळवली होतीस.

मग चकतीचा शोध सुरू झाला. तू एसटीडी बूथवरून दाविदला फोन करायचास आणि बूथचं दार उघडं ठेवून ओरडायचास, त्यामुळं स्टँडला सगळं फुकट ऐकू यायचं. "दाविद, नवी चकती, नवी! नगर जिल्ह्याची! आरं, जपान्याला न्हाई म्हन, मला जपान नको!" पुण्यात गाड्यांना टेप बसवणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडं मला घेऊन गेलास. त्यानं चकती उजेडात धरली, उलटी केली, हसला आणि म्हणाला, "काका, आपल्या देशाची अशी चकती कुणी काढलेलीच नाही."

"काढतील," तू म्हणालास.

"काढतील, पण कधी ते काय सांगणार?"

"मी थांबतो," तू म्हणालास आणि स्टुलावर बसलास. शांतवन, तू खरंच बसलास! दुकानदाराला वाटलं चहा पिऊन जाईल. शटर ओढायची वेळ झाली तेव्हा मी तुला उठवून आणला. येताना तू बटणं दाबून जपानचा किनारा फिरत होतास. एके ठिकाणी रस्ता समुद्राला येऊन थांबत होता आणि पलीकडच्या बेटावर तोच रस्ता पुन्हा सुरू होत होता. तू बोट ठेवून म्हणालास, "किसन्या, ह्येंचा बी ठेकेदार आपलाच दिसतोय. पूल न्हाई घातला अजून."

मी त्या वेळी हसलो. मला वाटत होतं, हा हट्ट आहे. म्हातारपणचं खेळणं आहे. तुला ती चकती कशासाठी हवी होती ते मला गफूरच्या चहानं सांगितलं.

गफूर तुझा चहा तुझ्या डाव्या हाताशी ठेवायचा आणि तू समोर बघत विचारायचास, "माझा चहा?" एकदा झालं, दोनदा झालं. मग स्टँडला खेळच मिळाला. कुणीतरी तुझा ग्लास हळूच बाजूला सरकवायचा, तू समोर चाचपायचास, आणि बाकीचे तोंडात रुमाल कोंबून हसायचे. आपलं स्टँड काही संतांचं नव्हतं. तूही तिथलाच होतास. लंगड्या पोस्टमनची चाल तू कशी काढून दाखवायचास ते मी विसरलेलो नाही. तेव्हा तुझ्यावर पाळी आली म्हणून मला दया वगैरे आली नाही. मला फक्त दिसलं. समोर ठेवलेली टाचणी तुला दिसत होती आणि हाताजवळचा ग्लास दिसत नव्हता.

मार्था वहिनींनीच मला पाटावर गाठलं. म्हणाल्या, "भावजी, काचबिंदू हाय. श्रीरामपूरच्या डॉक्टरनी सांगितलं, गेली ती नजर परत येत न्हाई. समोरचं दिसतं, कडंचं गेलं. नळीतनं बघावं तसं."

"मग गाडी कशाला चालवतोय?"

"त्येच तर. रस्ता दिसतो म्हनत्यात, वळान दिसत न्हाई. वळान कुणी सांगितलं की झालं."

"मग विचारायचं की कुणाला तरी."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी वळकता ना त्यांना?"

म्हणजे हे होतं तर. माणसाला रस्ता विचारला तर पाव्हणा होतो. यंत्रानं आपणहून सांगितला तर होत नाही. म्हणून जीप विकली. म्हणून जपानी बाई आणली. म्हणून पुण्याच्या दुकानात स्टूल धरून बसलास. तुझी दृष्टी कडेनं खात खात अंधार आत येत होता आणि तो मधोमध पोचायच्या आत तुला नगर जिल्हा एका चकतीवर हवा होता. मला सांग, याच्याइतका मूर्ख, याच्याइतका गर्विष्ठ आणि याच्याइतका शहाणा बेत आपल्या स्टँडवर कुणी केला असेल?

"तुमी बसत जा शेजारी," वहिनी म्हणाल्या. "बोलत ऱ्हा. तुमाला काय, तोंड हायच."

बसलो. आणि बोललो. तुला 'पुढं डावीकडे वळ' असं म्हटलं असतं तर तू मला चालत्या गाडीतून ढकललं असतंस. म्हणून मी बंडला मारू लागलो. तसंही मला सगळे बंडल किसनच म्हणायचे, मग फुकट कशाला? बाभळेश्वरच्या चौकाच्या अलीकडे मी सुरू करायचो, "शांतवन, ह्या पुढच्या डाव्या हाताच्या लिंबावर मी एकदा बैल चढलेला पाहिलाय."

"चढला कसा?" तू विचारायचास आणि गिअर खाली आणायचास.

"खाली सासू उभी व्हती त्याच्या मालकाची."

"मग उतरला का?"

"आता येतोय बघ तो लिंब, आला... ह्यो काय!"

आणि तू डावीकडे वळायचास. असं मी तुला कोपरगावपर्यंत नेलं. असं मी तुला संगमनेरवरून अकोल्याला, तिथून घाटातून भंडारदऱ्याला नेलं. गतिरोधकाच्या आधी माझ्या आज्याची कवळी पडायची. रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझा चुलता कुस्ती हरायचा. घाटातल्या प्रत्येक वळणावर मी एकेक भूत, एकेक वाघ आणि एक आमदार बसवला होता. मागं बसलेले भाड्याचे प्रवासी हसून हसून आडवे व्हायचे. त्यांना वाटायचं, ड्रायव्हरचा मित्र भारी आहे. त्यांना काय माहीत, माझी एक गोष्ट चुकली असती तर ते सगळे दरीत हसले असते.

आणि तू! तू एकदाही म्हणाला नाहीस की मला कळतंय. मीही कधी म्हणालो नाही. एकदा भंडारदऱ्याहून परतताना माझा घसा बसला, आवाजच निघेना. तू गाडी कडेला घेतलीस, खाली उतरलास, बोनेटला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, "इंजिन तापलंय, थोडं थांबू." इंजिन कसलं तापलंय! तू तिथं माझा घसा सुटेपर्यंत उभा राहिलास आणि खिशातून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवलीस. त्या खडीसाखरेबद्दल मी तुझा ऋणी आहे. बाकी कशाबद्दल नाही.

मग ती शेळी. राहात्याच्या पुढं, भर दुपारी, उजव्या शेतातून एक शेळी पळत आली. रस्त्याच्या गोष्टी मी रचल्या होत्या, शेळीची गोष्ट कोण रचणार? गचका बसला. तू ब्रेक दाबलास. मागून एक म्हातारी छाती पिटत आली. शेळी जाग्यावर गेली होती. म्हातारी म्हणत होती, "आंधळा हायेस का रं मुडद्या? आंधळा हायेस का?" आणि तू, शांतवन, तू स्टिअरिंग धरून, समोर बघत, एकदम शांतपणे म्हणालास:

"शेळी चकतीत नव्हती."

मी हसलो. देवाची शपथ, ती म्हातारी रडत होती आणि मी हसलो. मग तू म्हणालास, "तुझ्या बडबडीनं झालं हे." माझं हसू तिथंच सुकलं. मी म्हणालो, "माझ्या बडबडीनं? माझ्या बडबडीनं तू जित्ता हायेस! तुला दिसत न्हाई, शांतवन. कडंचं काय पन दिसत न्हाई. सगळ्या स्टँडाला ठाऊक हाय. तुझा ग्लास सरकवत्यात लोक."

तू हात लांबवून माझ्या बाजूचं दार चाचपून उघडलंस. मग म्हणालास, "उतर."

मी उतरलो. त्या उन्हात, मेलेल्या शेळीजवळ. म्हातारीला वाटलं, तिच्या सांत्वनाला थांबलो. तू गाडी घेऊन निघालास, आणि पुढच्या फाट्यावर, जिथं वळायचं होतं तिथं, सरळ निघून गेलास. मी हाक मारली नाही. घरी कसा पोचलास, कुणाला विचारलंस की नाही, ते तुझं तुला माहीत.

त्यानंतर तू गाडी बाभळीखाली झाकून ठेवलीस आणि एसटीनं मुंबईला दाविदकडे गेलास. नवी चकती घेतल्याशिवाय येत नाही, असं गफूरला सांगून गेलास. मला नाही सांगितलंस. काही आठवडे तू नव्हतास, आणि आपल्या सरकारनं नेमकी तीच वेळ साधली. वर्षभर न हलणारा ठेकेदार आला, नव्या पुलाला मुरमाचा भराव टाकला, वर रोलर फिरवला, आणि जुनी दगडी फरशी मोकळी झाली म्हणून फोडून काढली. नुसती खाच राहिली दोन्ही काठांवर. मग पाटाला आवर्तन सुटलं, खालच्या उसाला, काठोकाठ.

तू परतलास तेव्हा उन्हं कलली होती. एसटीतून उतरलास, दाढी वाढलेली, पण तोंडावर तेज. शर्टाच्या खिशावर हात ठेवून गफूरला म्हणालास, "आनली. ह्या सालची. एकदम नवी." माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघायला तुला मान वळवावी लागायची, आणि तू वळवली नाहीस.

मी उठून तुझ्या समोर आलो, नळीच्या तोंडाशी. म्हणालो, "शांतवन, जुना पूल काढलाय. पंपहाऊसकडनं जा. नवा पूल चालू झालाय."

एवढंच. ना बैल, ना वाघ, ना आज्याची कवळी. सरळ, कोरडं, सरकारी सांगितल्यासारखं.

तू गफूरकडे वळलास. "काय रं गफूर, पूल चालू झालाय म्हनतोय ह्यो?"

आणि गफूर, ज्याच्या मनात काडीचं पाप नाही तो गफूर, डोळा मिचकावून म्हणाला, "व्हय की! आन् जुना उचलून भंडारदऱ्याला नेलाय, धरनाला कमी पडत व्हता."

सगळं स्टँड हसलं. तू हसलास. मला बघून कितीतरी दिवसांनी हसलास. मग पिशवी उचललीस आणि जाता जाता म्हणालास, "किसन्या, मला माझ्या घराचा रस्ता सांगतोस? मी काय पाव्हना हाय का हितला?"

मला वाटलं, समेट झाला. ग्लास उचलला, चहा प्यालो. खरंच सांगतो, चहा छान होता.

तू खालच्या गेटला सापडलास, जिथं पाटाचं पाणी चारीत वळतं आणि उसाचं पाचट अडकतं. पिशवी सापडली नाही. खिशातली चकती सापडली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून वर रबर लावलेली. तू चिंब, चकती कोरडी. त्या जपानी बाईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, बेलापूर म्हणजे समुद्र आहे म्हणून? आपण हसलो होतो. बाई खरी निघाली.

वहिनी रडल्या नाहीत. मी दारात गेलो तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकांच्या घोळक्यातून त्यांनी मला हाक मारली. "भावजी, तुमी सांगितलं व्हतं त्यांना पुलाचं?"

"सांगितलं व्हतं, वहिनी. समोर उभं राहून सांगितलं."

"कसं सांगितलं?"

मी सांगितलं, कसं सांगितलं.

वहिनींनी डोळे मिटले. "येवढ्या बंडला मारल्या आयुष्यभर," त्या म्हणाल्या. "येक पुलाची मारायची व्हती."

शांतवन, तूच सांग. मी जन्मभर खोटं बोललो आणि तू प्रत्येक खोट्यावर अचूक वळलास. एकदाच खरं बोललो तर तू हसत चालत गेलास. दोष कुणाचा? तुझाच. मी हे चारचौघांत सांगणार आहे. कुणी विचारलं तर म्हणणार आहे, माणूस हट्टी होता, गर्विष्ठ होता, समोर उभा राहून सांगितलेलं ऐकलं नाही. आणि लोक मान डोलवतील. ते पण खोटं आहे, हे फक्त वहिनींना कळेल. त्या पुलावर मी एक रेडा बसवायला हवा होता. पंपहाऊसच्या कठड्यावर नाचणारा रेडा. एवढंच काम होतं. तू म्हणाला असतास, 'नाचतो कसा?' आणि वर वळला असतास.

तुझी पेटी जपानी गाडीतच नेली. मागची सीट पाडली, तू आडवा बसलास बरोबर. गाडी मी चालवली. नव्या पुलावरून पहिल्यांदा ती तुझ्या दारात आली, ज्या दारात तिला उभी करायला तू झुरत होतास. तुला घेतलं, परत निघालो. पुलाच्या तोंडाशी स्टँडवरचे सगळे रांगेनं उभे होते. मी गाडी थांबवली, काच खाली केली आणि गफूरला मोठ्यांदा विचारलं, "अहो, कबरस्थानाकडं हाच रस्ता का?"

कुणी हसलं नाही. गफूरनं तोंड हातात धरलं. मग पंपहाऊसवरचा म्हातारा म्हणाला, "हाच, पाव्हणं. हितनं सरळ." मग सगळे एकेक करून म्हणाले. या पाव्हणं. जा पाव्हणं. संध्याकाळी मी सगळ्यांना चहा पाजला. दिवसभर मला कुणी किसन म्हणालं नाही. आठव्यांदा झालो, शांतवन. पण या वेळी आपण दोघं होतो गाडीत, आणि ते कुणाला म्हणत होते ते मी विचारलं नाही.

काल वहिनींनी गाडीची किल्ली दिली. म्हणाल्या, "बघा तरी, काय आनलं व्हतं त्ये." मी डिकी उघडली, जुनी चकती काढली, तुझी नवी घातली. पडदा उजळला. बाई बोलली, तोच गोड आवाज. बेलापूर नव्हतं. स्टँड नव्हतं, पाट नव्हता, तुझी वस्ती नव्हती. निळं पाणी आणि मधे लाल बाण. मग मी बटणं दाबत जपानच्या त्या किनाऱ्यावर गेलो, जिथं रस्ता पाण्याशी येऊन थांबायचा. आता थांबत नव्हता. नव्या चकतीत त्यांनी पूल घातला होता. समुद्रावरून सरळ एक रेघ, पलीकडच्या बेटापर्यंत.

वहिनी खिडकीतून बघत होत्या. "आपलं गाव हाय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो. "सगळं हाय. तुमची वस्ती बी हाय."

त्यांचा विश्वास बसला.

तुझ्यासाठी मात्र माझ्याकडे आता बंडल उरलेली नाही, म्हणून पुन्हा तेच सांगतो. ऐक. जुन्या जागी पूल नाही. बाभळीपाशी खाली उतरू नकोस. वर जा, पंपहाऊसच्या अलीकडे. रुंद पूल आहे, दोन्ही बाजूंना कठडा आहे, हात लागेल. तिथून तुझं दार दिसतं.